आमची वाटचाल : कोरलेला बांबू आणि त्यात भरायची घरची लाख

नमस्कार मंडळी, बरेच जण विचारतात की तुमच्या बांबूच्या वस्तूंवर नक्षीत जे काळं, पांढरं, पितळी भरलेलं असतं ते कुठून आणता, ऑनलाइन मिळतं का. नाही मिळत, ते आम्ही घरीच बनवतो, आणि खरं सांगायचं तर आमचा धंदा टिकला तो या भरणावरच, कारण नुसतं कोरीवकाम आज लेसर मशीनवाले आमच्या निम्म्या भावात करून देतात.

मी मुळात टूलरूमचा माणूस, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत फिटर होतो, कानस आणि पटाशी हातात बसली ती तिथंच. बायकोचं माहेर पेठ तालुक्यातलं, तिकडं बांधावर बांबू असतोच, तर सुट्टीत दोन-चार कांडी आणून पेनस्टँड, अगरबत्तीचं घर असलं काहीबाही करायचो आणि नातेवाईकांना वाटायचो. मग 2017 च्या शेवटी केंद्राने वन कायद्यात बदल करून जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, शेतातला बांबू तोडून आणायची धास्ती गेली, आणि आम्ही पंचवटीत एक छोटा गाळा भाड्याने घेतला. नोकरी सोडली तेव्हा सासरे म्हणाले, "जावईबापू, बुरूडकाम करायला एवढं शिकलात का?" आता तेच गिऱ्हाइकं पाठवतात.

कोरायला आम्ही काटस जातीचा बांबू घेतो, तोही बुंध्याकडचा, तिथं भिंत जाड असते. मानवेल ही दुसरी जात जवळपास भरीव, त्याच्या काठ्या आणि हँडल झकास होतात पण कोरायला गोलाई कमी पडते. तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबूच घ्यायचा, कोवळ्यात साखर-स्टार्च जास्त, भुंगा लागलाच म्हणून समजा, सकाळी टेबलावर पिठासारखी पूड पडलेली दिसते. म्हणून शंभर लिटर पाण्याला तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक पावडर, आतले पडदे सळईने फोडून त्यात बुडवून ठेवायचा आणि मग सावलीत सुकवायचा. उन्हात टाकलात तर उभा तडकतो.

आता मुद्द्याचं. बांबूची वरची साल मेणचट आणि सिलिकाने भरलेली, तिच्यावर ना रंग धरतो ना गोंद, म्हणून साल कापून आतल्या उभ्या तंतूंपर्यंत जावंच लागतं. तिथं व्ही पटाशी उभ्या रेषेला लागली की सुळकन पळते, आडवं मात्र इमानदारीत चालते. खाचा कोरून झाल्या की त्यात भरायचं काय? बाजारातला इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की दगडासारखा घट्ट होणारा) दिसायला सुंदर, पण नाशिकची हवा माहितीये ना, जुलैत गाळ्यात बुरशी येते आणि एप्रिल-मेमध्ये ओठ फुटतात, बांबू दर मोसमाला फुगतो-आकसतो, इपॉक्सी जागचा हलत नाही, मग कडेने केसाएवढी फट पडते आणि एक दिवस आख्खी पाकळी निघून हातात येते.

तोडगा मिळाला सराफ बाजारात. तिथं चांदीवर ठोक्याचं नक्षीकाम करणारे एक काका होते, ते पत्रा ज्या काळ्या मसाल्यावर बसवून ठोकतात त्यात राळ, विटेची पूड आणि थोडं तेल असतं. मी आपला सहज विचारलं तर म्हणाले, "अरे बाबा, निव्वळ राळ कधी वापरू नको, उडेल. पूड घाल, आणि थंडीत तेल जास्त, उन्हाळ्यात कमी." बस्स, तिथून आमचं भरण निघालं. राळेऐवजी मुख्य माल चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, घेतला, कारण तो जास्त चिवट आणि पॉलिशला चकाकतो. वजनाने चपड्याच्या चौथाई राळ, जवळपास चपड्याइतकी बारीक चाळलेली पूड आणि मऊपणासाठी चिमूटभर मेण. मंद आचेवरच वितळवायचं, घाई करून तापवलंत तर चपडा रबरासारखा होतो आणि परत वितळतच नाही, सगळं फेकायचं. गरम असतानाच ओल्या फरशीवर लाटून कांड्या करून ठेवतो, सुकलेल्या शेवग्याच्या शेंगांसारख्या दिसतात.

भरताना खाच आतून किंचित रुंद ठेवायची, तोंडाशी अरुंद, म्हणजे माल आत अडकून बसतो. आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा एक पातळ हात ब्रशने मारायचा, तो सुकला की कांडी आणि तापवलेली सपाट सुरी, थेंब थेंब सोडून दाबत जायचं, खाचेच्या वर थोडं उंच येईपर्यंत. गार झालं की पात्याने खरवडायचं, मग 220 आणि शेवटी 400 चा पॉलिश पेपर, कोरडाच. आमच्याकडं पेठच्या दोन मुली हे काम करतात आणि माझ्यापेक्षा सफाईने करतात, माझा हात जड आहे, मी कोरायचं तेवढं बघतो.

रंगांची मजा वेगळीच. काळ्यासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा कुटून, तांबड्यासाठी विटेची पूड नाहीतर गेरू, पितळीसाठी तांबट आळीतून लेथचा कीस आणतो, तो जेवढा घासावा तेवढा उजळतो. पांढऱ्यासाठी अंड्याची टरफलं, कॉलेज रोडला एक भुर्जीवाला भाऊ आमच्यासाठी पिशवीत बाजूला ठेवतो, आतला पापुद्रा काढायचा, धुवायचं, वाळवायचं, मिक्सरला फिरवायचं (घरचा मिक्सर नाही, बायकोने वेगळा घ्यायला लावला!). पण देवघराच्या वस्तूंत अंडं चालत नाही, आणि गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच आपण पाळलेलं बरं, तिथं पांढरी रांगोळीच वापरतो. पिवळ्यासाठी सगळे हळद सुचवतात. हळद पहिल्या दिवशी जबरदस्त दिसते, पण उजेडात उडते, खिडकीजवळच्या दिव्यावर तर लवकरच मळकं काहीतरी उरतं. म्हणून पिवळी मातीच, थोडी मंद दिसली तरी चालेल.

लाखेला मर्यादा आहेत आणि आम्ही त्या आधीच सांगतो. एका वायनरीने ग्लासखाली ठेवायचे कोस्टर मोठ्या संख्येने मागितले होते, ऑर्डर आमच्यासाठी दांडगी होती, तरी नाही म्हटलं, कारण ओल्या ग्लासखाली लाखेवर पांढरं वर्तुळ पडतं आणि स्पिरिट सांडलं तर भरणच सुटतं. त्यांना त्याऐवजी बाटलीचे स्टँड आणि नावाच्या पाट्या करून दिल्या. मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर आमची वस्तू ठेवू नका, भरण मऊ पडतं. दिव्यात एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब अजिबात नको.

सध्या 2027 च्या सिंहस्थासाठी विचारणा सुरू झाल्यात, बहुतेक सगळ्यांना स्वस्तात आणि हजाराच्या पटीत हवंय, त्यांना आम्ही सरळ लेसरवाल्यांचा पत्ता देतो. आपल्याला महिन्याला जेवढं हाताने होईल तेवढंच घ्यायचं. दिवाळीचं काही करून हवं असेल तर गणपतीच्या आत सांगा, नंतर सांगितलंत तर बांबू ओला आणि आमचा नाइलाज.