४०३ धूसर फोटो आणि एक दयाळ

५ नोव्हेंबर ही अरण्यलेखक मारुती चितमपल्लींची जन्मतारीख आणि १२ नोव्हेंबर पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अलींची. या दोन तारखांमधले दिवस आपल्याकडे पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. यंदा ठरवलं, कुठे धरणावर-बिरणावर जायचं नाही, साताऱ्यातल्या आमच्या घराच्या परसातच रोज सकाळी बसायचं. आठ दिवसांत ४१२ फोटो काढले. ठेवण्याजोगे निघाले ९. त्या नवातही चार एकाच साळुंकीचे, आणि ती बिचारी धुण्याच्या दगडावर पाच मिनिटं जागची हललीच नव्हती.

सामान साधंच आहे, कॅनन १५००डी कॅमेरा आणि ५५ ते २५० मिमीची एसटीएम झूम लेन्स. पहिला संशय अर्थातच लेन्सवर. दोन-तीन रात्री ६०० मिमीपर्यंतच्या लेन्सच्या किमती बघण्यात गेल्या. किमती बघूनच शुद्धीवर आले आणि एक वेगळं काम हाती घेतलं. वाया गेलेले ४०३ फोटो पुसून न टाकता लॅपटॉपवर पूर्ण मोठे करून एकेक तपासले. वहीत रकाने आखले आणि प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारला, बाबा रे, तू का बिघडलास?

सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसते, तिथे माझा हात हलला. असे ५७. फांदी स्वच्छ आहे पण पक्ष्याची मान पुसली गेली आहे, तिथे पक्षी हलला. असे १२१. पक्षी मऊ आणि त्याच्या पुढचं किंवा मागचं पान मात्र शीर न् शीर दिसण्याइतकं लख्ख, तिथे फोकस भलतीकडे बसला. हे तब्बल १८८. उरलेल्या ३७ फोटोंचं कारण काही केल्या सापडेना. ना काही ओढलेलं, ना कुठलं पान शार्प. नुसतं दुधाळ.

सगळ्यात मोठा ढीग आधी उपसला. या कॅमेऱ्यात फोकसचे ९ बिंदू आहेत आणि नऊही चालू ठेवले की तो बहुतेकदा जवळात जवळ जे दिसेल ते पकडतो. आमच्या परसात जवळात जवळ असतो कढीपत्ता. म्हणजे बुलबुलाचे म्हणून काढलेले माझे निम्मे फोटो खरं तर कढीपत्त्याचेच होते! आता फक्त मधला बिंदू चालू ठेवते, कारण या मॉडेलमध्ये उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा तेवढाच एक आहे. पक्षी मधोमध येतो, फोटो थोडा बाळबोध दिसतो, नंतर कापून घेते. फोकस शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या तारांकित बटणावर दिला. पहिले चार दिवस अंगठा विसरायचा आणि चिडचिड व्हायची. पाचव्या दिवसापासून त्याशिवाय जमेना.

तरी एक गोष्ट उशिरा कळली. लेन्स पूर्ण लांब म्हणजे २५० मिमीला, तिचं तोंड एफ ५.६ इतकं उघडं, आणि पक्षी चार मीटरवर असेल तर शार्प दिसणारा पट्टा जेमतेम पाच सेंटीमीटरचा असतो, आणि फोटो पूर्ण मोठा करून बघणाऱ्या माझ्यासारखीला तर त्याहून कमी. बुलबुल समोर तोंड करून बसला तर डोळ्यापासून शेपटीपर्यंत त्याची लांबी त्या पट्ट्यात मावतच नाही. डोळ्यावर फोकस धरायचा, बाकीचं सोडून द्यायचं. किंवा तो आडवा वळेपर्यंत थांबायचं. बुलबुल वळतो, घाई आपल्यालाच असते.

डिसेंबर गेला शटर स्पीडच्या, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याच्या, नादात. हात हलण्याचा हिशोब सोपा आहे. २५० मिमी गुणिले या लहान सेन्सरचा गुणक १.६, म्हणजे ४००, म्हणून सेकंदाच्या १/४०० पेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवायचं नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझा हात सांभाळतं म्हणून मी १/१६० वर निर्धास्त होते. पण ते पक्ष्याची मान सांभाळत नाही, ही साधी गोष्ट डोक्यात शिरायला १२१ फोटो खर्ची पडले. आता स्वस्थ बसलेल्या साळुंकीला १/५००, बुलबुलाला १/१०००, आणि जास्वंदीवरच्या इवल्याशा शिंजीर पक्ष्याला १/२००० च्या खाली नाही. (शिंजीर फुलाच्या तोंडाशी जाईल म्हणून मी तिथे टपून असते आणि तो सरळ फुलाच्या बुडाला भोक पाडून मध पितो. चोर लेकाचा.) आयएसओ, म्हणजे सेन्सरने उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा, मोकळा सोडलाय, ३२०० पर्यंत जाऊ देते. आधी मी ४०० च्या वर जायला घाबरायचे, फोटोत दाणे येतात म्हणून. दाणे नंतर बऱ्यापैकी घालवता येतात. पुसलेली चोच कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढण्यावर, माझा फार भरवसा नाही. सेकंदाला तीनच फोटो निघतात, त्यात शिंपी पक्षी दोनदा फांदी बदलतो. त्यापेक्षा पक्ष्याच्या सवयी पाठ केलेल्या बऱ्या. तांबट सकाळी उन्हाला बसतो तेव्हा शेंड्यावरच्या वाळक्या काटकीवर निवांत असतो, पण एकदा टुक-टुक सुरू झालं की मान हलत राहते. बुलबुल पाण्यावर थेट उतरत नाही, आधी जवळच्या फांदीवर थांबून चौफेर बघतो. म्हणून पाण्याच्या परळाशेजारी शेवग्याची एक वाळकी फांदी रोवली आणि फोकस आधीच तिच्यावर धरून बसू लागले. परळही भिंतीपासून उचलून मोकळ्या बाजूला नेला. भिंत पक्ष्याच्या पाठीला लागून होती तेव्हा गिलाव्याचा प्रत्येक ओरखडा फोटोत यायचा. आता मागे सहा-सात मीटरवर केळी आहेत, त्यांचा नुसता हिरवा रंग उरतो आणि त्यापुढे तोच पक्षी जास्त कोरीव वाटतो.

आता त्या दुधाळ ३७ फोटोंकडे. त्यांच्या वेळा बघितल्यावर दोन गट पडले. एक गट सकाळचा, सगळा स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला. काच बंद, तीही तिरकी, वर बाहेरच्या बाजूला डासांची जाळी. दुसरा गट अकरानंतरचा, पलीकडच्या सावरीवर बसलेल्या तांबटाचा. मधे शेजाऱ्यांच्या शेडचा पत्रा. ऊन चढलं की पत्र्यावरची हवा तापून थरथरते आणि तिच्यातून बघितलेलं काहीही शार्प येत नाही, मग लेन्स लाखाची असो. पत्र्यापलीकडचे पक्षी आता फक्त साडेनऊच्या आत. शिवाय लेन्सवर एक यूव्ही फिल्टर होता, 'मॅडम, काचेला संरक्षण' म्हणून दुकानात गळ्यात मारलेला. त्याच फांदीचे फिल्टर लावून आणि काढून फोटो काढले, फरक नुसत्या डोळ्यांनी दिसला. फिल्टर आता बटणांच्या डब्यात आहे.

जानेवारीत अडचण वेगळीच निघाली. सेटिंग जमली पण पक्षी जवळ येईनात. आणि सासूबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या की त्यांच्यापासून हातभर अंतरावर चिमण्या! मी तीन मीटरवर गेले की सगळे पसार. एकदा त्याच म्हणाल्या, "अगं, तू त्यांच्याकडे मांजरासारखी बघतेस. येतील कशाला?" बोलणं अगदी खरं होतं. मी दबकत यायचे, थांबायचे, रोखून बघायचे, वर तोंडासमोर एवढा मोठा काळा डोळा. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या शेजारी पाट टाकून मटार सोलायला बसले. कॅमेरा मांडीवर, वर जुनी ओढणी. तीन-चार दिवस एकही फोटो काढला नाही, मटार मात्र किलोभर सोलून झाले. पाचव्या दिवशी सातभाई पक्ष्यांची टोळी पायाशी येऊन पाला उलटापालटा करायला लागली. ओढणीखालून कॅमेरा अगदी सावकाश वर आणायचा, पक्षी बघत असला तर मधेच थांबवायचा. आणि पाटावर बसल्यामुळे फोटो पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून येतो, हा फायदा फुकटात. उभ्याने काढलेले माझे जुने फोटो आता टेहळणी कॅमेऱ्याचे वाटतात.

फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षीगणनेच्या चार दिवसांत पक्षी मोजता मोजता परत तेवढाच वेळ बसले. फोटो १६८, ठेवण्याजोगे ४१. शिंप्याचा अजूनही एक नाही. तो जास्वंदीच्या आतल्या आत फिरतो आणि मी त्याच्या आवाजाचे फोटो काढते.

पण दयाळ मिळाला. त्याची खोड ठाऊक झाली आहे. फांदीवर उतरला की शेपटी झटक्यात वर करतो आणि तशीच उभी ठेवून क्षणभर थांबतो. काळ्या अंगामुळे कॅमेरा फसतो आणि पंखावरचा पांढरा पट्टा जळतो, म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, आधीच दोन तृतीयांश स्टॉप खाली घेतलं होतं. शेवग्याच्या फांदीवर आला, शेपटी वर गेली, एकच फोटो. १/१०००, एफ ५.६, आयएसओ १२५०, अंतर सुमारे तीन मीटर. लॅपटॉपवर मोठा करत गेले तर त्याचा डोळा पडदाभर झाला, त्यात वर उजळ आभाळ आणि खाली एक काळी तिरपी रेघ. ती आमच्या पडवीच्या छपराची कड.

लॅपटॉप उचलून सासूबाईंना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"छान आलाय गं. पण शेपटी कुठाय त्याची?"

वरून कापली गेली होती. उद्यापासून पाट हातभर मागे.