बॉनेटवरचे पांढरे ठिपके आणि बोअरचे पाणी

गडद निळ्या रंगाची गाडी घेऊ नका, असे मला शोरूममध्ये कोणी सांगितले नाही. आणि सांगितले असते तरी मी ऐकले नसते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर जे वर्षानुवर्षे लपून राहते, ते निळ्या गाडीवर सहा महिन्यांत डोळ्यांत खुपू लागते. मार्चमधल्या एका सकाळी ऊन तिरपे पडले होते आणि मी बॉनेटवर वाकून पाहिले, तर त्यावर बारीक पांढरट कड्यांची रांगोळी पडलेली होती. प्रत्येक कड्याची कडा जाड आणि आतला भाग जवळजवळ स्वच्छ होता, कारण थेंब वाळताना त्यातले क्षार कडेकडे सरकत जातात आणि तेथेच बसतात. बोट फिरवले की कडा किंचित खरखरीत लागत असे.

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आहे. पिण्यासाठी नळाचे पाणी येते. गाड्या आणि बाग मात्र बोअरवर चालतात. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणत, ते हेच. जमिनीतून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळतात, आणि पाणी तापले किंवा उडून गेले की कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कार्बोनेटाचा पांढरा थर मागे उरतो. गीझरच्या कॉइलवर जो थर चढतो, तोच गाडीवर ठिपक्यांच्या रूपाने बसतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या घरच्या टीडीएस मीटरने आमचे बोअरचे पाणी लिटरमागे सुमारे ८४० मिलिग्रॅम दाखवले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे आमचे पाणी काही जगावेगळे नाही. तरीही हिशेब करून पाहिला. धुतल्यावर गाडीवर एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, पाणी राहिले आणि जागेवरच वाळले, तर दर वेळी सुमारे १६८ मिलिग्रॅम क्षार मागे राहतात. हे महिनाभर रोज घडले, तर पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर क्षार गाडीवर पसरले जातात.

आणि आमच्याकडे ते रोजच घडत होते. पहाटे येणारा मुलगा एका बादलीत आणि एकाच फडक्याने आठ-दहा गाड्या पुसतो. ‘काका, रोज पुसतो की, मग डाग कसे पडतात?’ हा त्याचा प्रश्न अगदी खरा होता, कारण डाग न पुसल्याने नव्हे, तर ओले फडके फिरवून पाणी तसेच वाळू दिल्याने पडत होते. शिवाय त्या फडक्यात अडकलेली आधीच्या गाड्यांची धूळ माझ्या रंगावर घासली जात होती. उन्हात किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे चमकतात, ते बहुतेक अशाच फडक्यांची देणगी असते.

येथे मी स्वतःच घाई केली. एका ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने मी रबिंग कंपाउंडची डबी आणली आणि छतावर जोर लावून घासत सुटलो. डाग गेले, पण त्यांच्या जागी धुरकट पट्टा आला. नंतर वाचल्यावर चूक समजली. आजच्या गाडीचा रंग पत्र्यावरचा गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशा थरांचा असतो, आणि सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. रबिंग डाग काढत नाही. ते हा थर तासते. एकदा तासलेला थर परत येत नाही, म्हणून सौम्य उपाय हरल्याशिवाय तिखट उपायाला हात लावू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

सौम्य उपाय स्वयंपाकघरातच होता. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण चार-पाच टक्के अॅसेटिक आम्ल असते आणि कार्बोनेट त्यात विरघळते. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि व्हिनेगर मी समप्रमाणात घेतले (डबा घेताना त्यावरचे लेबल वाचावे; शेजारीच बॅटरीचे आम्लही ठेवलेले असते). गाडी सावलीत, पत्रा हाताला पूर्ण गार लागत असताना, आधी गाडीच्या शॅम्पूने धुतली, कारण धुळीवरून फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. मग दाराच्या खालच्या कोपऱ्यात करून पाहिले आणि रंगाला काही होत नाही असे दिसल्यावर मायक्रोफायबरचे फडके त्या मिश्रणात भिजवून बॉनेटच्या एका भागावर मिनिटभर नुसते ठेवले. घासले नाही. फडके उचलून हलकेच पुसले, तेव्हा कड्यांचा खरखरीतपणा बोटाला लागेनासा झाला होता. जुन्या डागांना दोन-तीन फेऱ्या लागल्या. प्रत्येक भाग लगेच भरपूर पाण्याने धुतला. मिश्रण रंगावर वाळू देणे धोक्याचे, आणि जेथे टवका उडून पत्रा उघडा पडला आहे, तेथे ते लावूच नये. शेजाऱ्यांनी शौचालय साफ करण्याचे आम्ल सुचवले होते. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोमपासून पत्र्यापर्यंत सगळ्यांवर उठेल, त्यामुळे मी हसून विषय बदलला.

एवढे करूनही दोन ठिपके राहिले. ते बोटाला लागत नव्हते. उजेडात मात्र उथळ खळगे दिसत होते, म्हणजे तापलेल्या बॉनेटवर क्षारांनी क्लिअर कोटच कोरला होता. बारीक पॉलिश हाताने लावल्यावर ते फिके झाले, आणि तेथेच मी थांबलो. पूर्ण घालवायचे तर आजूबाजूचा थर खळग्याच्या तळापर्यंत उतरवावा लागला असता.

आता पहाटेचे पुसणे बंद आहे. आठवड्यातून एकदा दोन बादल्या घेऊन मीच धुतो. एकीत शॅम्पू, दुसरीत गाडी धुण्याचा हातमोजा खळबळायला साधे पाणी. शेवटचा हात एसीच्या नळीखाली साठवलेल्या पाण्याचा असतो. ते हवेतल्या बाष्पाचे पाणी असल्याने मीटर त्यात २०-२५ च दाखवतो, मात्र कॉइलवरची धूळ येते म्हणून मी ते गाळून घेतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत रात्रभरात जेमतेम अर्धी बादली भरते, तेवढी पुरते. मग जाड टॉवेलने गाडी लगेच कोरडी करतो, आणि या कामात आळस चालत नाही. व्हिनेगरने जुने मेण निघून जाते, म्हणून नंतर कार्नौबा (एका ताडाच्या पानांवरच्या) मेणाचा पातळ हात दिला. मेण किंवा सिरॅमिक कोटिंग असले की डाग पडतच नाहीत, हा समज मात्र चुकीचा आहे. पाणी टपोऱ्या थेंबांत उभे राहते, आणि ते तसेच वाळले तर कडी उलट अधिक ठसठशीत उमटतात. फायदा इतकाच, की क्षार मेणावर बसतात आणि सहज निघतात. उघड्यावर उभ्या असणाऱ्या माझ्या गाडीवर मेण दीडेक महिना टिकते. मागच्या रविवारी बॉनेटवर पाणी गोल थेंबांत न राहता पसरू लागलेले दिसले, तेव्हा मेणाची डबी पुन्हा बाहेर काढली.