नाही हो, ही वारली नाही

गणपतीची आरती असो की चैत्रातलं हळदीकुंकू (बाहेर कधी कधी बर्फ असतो, ते सोडा), अमेरिकेत, सेंट पॉलमधल्या आमच्या घरी पहिल्यांदा येणारं माणूस सोफ्यामागच्या भिंतीवरच्या भरतकामाच्या कापडाकडे बघतं आणि विचारतं, "ही वारली का हो?" कुणी कांथा म्हणतं. एका काकांनी तर "चिनी आहे" असा निकालच देऊन टाकला. मी "नाही, म्हाँग आहे" एवढं सांगून चहा टाकायला उठते, कारण पुढचं उत्तर चहाबरोबर संपणारं नाही. यंदा तीन जणींनी विचारलंत, म्हणून लिहूनच काढते.

म्हाँग हे एका डोंगरी जमातीचं नाव. आधी उच्चार. इंग्रजी स्पेलिंग बघून 'हमोंग' वाचू नका. 'म्हणून'मधला म्ह आपल्या तोंडात तयारच आहे. त्यांचा जरा जास्त श्वासाचा, पण आपण पहिल्या फटक्यात बरेच जवळ पोचतो.

आता कापड. निळ्या कापडावर रंगीत दोऱ्यांनी भरलेलं आहे. वरच्या कोपऱ्यात डोंगर, मका, कोंबड्या, जात्यावर दळणारी बाई. त्याखाली गणवेशातले शिपाई आणि वर विमानं. मग पाठीला पोरं बांधून चाललेल्या माणसांची लांबच लांब रांग. मग एक नदी, कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी, आणि तिच्यात बांबूला धरून तरंगणारी डोकी. पलीकडे छावणीतल्या घरांच्या ओळी. अगदी खाली, उजवीकडे, एक पांढरं विमान.

नदी म्हणजे मेकाँग, अलीकडे लाओस, पलीकडे थायलंड. म्हाँग मूळचे दक्षिण चीनच्या डोंगरांतले. तिथे त्यांना सरकारी यादीत 'मियाओ'मध्ये धरतात, आणि ते नाव अनेकांना मुळीच आवडत नाही. लढाया आणि करांचा जाच यांना कंटाळून 18व्या-19व्या शतकात बरेच जण खाली व्हिएतनाम, लाओस, थायलंडच्या डोंगरांत उतरले. 1962च्या जिनिव्हा करारानं लाओस तटस्थ ठरला, त्यामुळे अमेरिकेला तिथे उघडपणे लढता येईना. मग ही लढाई सीआयएनं, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेनं, हत्यारं दिलेल्या म्हाँगांकडून लढवली. वांग पाओ त्यांचे सेनापती, लाँग चेंगच्या खोऱ्यात त्यांचा तळ. पाडलेल्या विमानांतल्या अमेरिकी वैमानिकांना शोधून आणायचं, उत्तर व्हिएतनामहून दक्षिणेत जाणाऱ्या हो चि मिन्ह मार्गावरची रसद अडवायची, ही कामं. मोठे मेले तसे तेरा-चौदा वर्षांचे पोरगेही बंदुका घेऊन उभे राहिले. 1964 ते 1973 या काळात त्या छोट्याशा देशावर अमेरिकेनं वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. सगळेच म्हाँग अमेरिकेच्या बाजूनं नव्हते, हेही सांगायला हवं. फायडांग या दुसऱ्या म्हाँग पुढाऱ्यामागे गेलेले कम्युनिस्टांबरोबर लढले. घरं दोन्हीकडची जळली.

14 मे 1975ला वांग पाओ विमानानं निघून गेले. विमानात मावले ते मावले, बाकीच्यांनी पायी वाट धरली, मेकाँगपलीकडच्या छावण्यांकडे, आणि तिथून बरेच जण अमेरिकेत आले. इथे कुणी "अमेरिकेनं बिचाऱ्यांना आसरा दिला" म्हटलं की माझं डोकं फिरतं. आर्लिंग्टनच्या, अमेरिकी सैनिकांच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांच्या नावाचा दगड बसायला 1997 उजाडलं. म्हाताऱ्या सैनिकांना नागरिकत्वासाठीच्या इंग्रजीच्या अटीतून सूट मिळायला 2000, आणि त्यांच्यातल्या काहींना राष्ट्रीय स्मशानभूमीत जागा मिळायला 2018. आसरा कुणी कुणाला दिला?

कापडाबद्दल मला सगळ्यात नवल वाटतं ते वेगळंच. तुम्हाला ते पुरातन वाटतं ना? कला जुनी आहे. तिला ते 'पा न्दाउ' म्हणतात, म्हणजे फुलांचं कापड. पण जुन्या पा न्दाउमध्ये माणूसच नसतो. असतात गोगलगाईच्या शंखाची वेटोळी, हत्तीचं पाऊल, त्रिकोणांचे डोंगर, वरचं कापड कापून खालचा रंग दाखवत केलेली अशक्य बारीक नक्षी. माणसं, विमानं, नदी आली ती थायलंडमधल्या बान विनायसारख्या छावण्यांत, 1975नंतर. शेत नाही, काम नाही, हातात सुई. कुणी पुरुष चित्र आखून देई, बाया भरत, आणि कापडं अमेरिकेतल्या नातेवाइकांमार्फत विकली जात. म्हणजे माझ्या भिंतीवरची 'परंपरा' माझ्याहून फार मोठी नाही.

आणि लिपीही नवीच. आज रुळलेली रोमन लिपी 1950च्या दशकात लाओसमध्ये मिशनऱ्यांनी बसवली. तिच्यात शब्दाच्या शेवटी बी, एम, एस अशी अक्षरं लागतात ती वाचायची नसतात, ती सूर दाखवतात. सूर बदलला की शब्द बदलतो. 1959मध्ये शाँग लु यांग नावाच्या शेतकऱ्यानं, ज्याला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती, स्वतःची एक संपूर्ण लिपी रचली. 1971मध्ये त्याची हत्या झाली. लिपी जिवंत आहे.

सूर असलेल्या भाषेचा आणखी एक चमत्कार म्हणजे केंग, सहा बांबूनळ्यांचं वाद्य. ते वाजतं तेव्हा जाणकारांना शब्द कळतात. इथल्या म्हाँग अंत्यविधींत, शुक्रवार ते सोमवार, केंग आणि ढोल चालू असतात. सुरुवातीला वाट दाखवणारं गाणं म्हणतात. मेलेल्याच्या जिवाला सांगतात की जिथे जिथे राहिलास त्या सगळ्या गावांना उलट्या क्रमानं जा, आणि जन्मघरी पुरलेली तुझी वार (बाळंतपणात बाळामागून पडते ती) घेऊन ये. वारेला ते अंगरखाच म्हणतात. मुलाची वार घराच्या मधल्या खांबाशी पुरायची, मुलीची आईवडिलांच्या पलंगाखाली. तो अंगरखा घातल्याशिवाय पूर्वजांकडे जाता येत नाही.

म्हणजे सेंट पॉलमध्ये गेलेल्या म्हातारीचा जीव आधी विमानतळावर, मग छावणीत, मग मेकाँग पुन्हा ओलांडून डोंगरात. माझं कापड खालून वर वाचा, तीच वाट आहे.

कापड मी ज्यांच्याकडून घेतलं त्या आजी शेतकरी बाजारात भाजी विकायच्या. तिथल्या निम्म्याहून जास्त गाळ्यांवर म्हाँग शेतकरीच असतात. कारली, दोडकी, भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे, आपल्याला हवं ते सगळं. (याच गावची म्हाँग मुलगी सुनी ली 2021मध्ये टोकियोत जिम्नॅस्टिक्सचं सुवर्ण जिंकली, तेव्हा गाळ्या-गाळ्यावर तिचा फोटो होता.) आजी इंग्रजी बोलत नसत, नात सांगायची. एकदा आजींनी मला काहीतरी विचारलं. नात लाजली, मग म्हणाली, "आजी विचारतेय, तुमची वार कुठे पुरलीय?"

आमच्याकडे "तिथे काय तुझी नाळ पुरलीय?" असं टोमण्यानं विचारतात, आणि इथे कुणीतरी ते खरंच विचारत होतं. म्हटलं, सांगलीतल्या एका दवाखान्यात जन्मले, नाळेचं काय झालं ते आईलाही माहीत नाही.

नातीनं सांगितलं. आजींनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पिशवीत दोन कारली जास्तीची टाकली.