अवर्षण अपडेट: खलनायकाला तहान लागली

गाडी हलली, मंडळी! माझ्या कॉमिकच्या अंक 3 ची पेन्सिल पूर्ण, इंकिंग अर्ध्यावर, आणि मुख्य म्हणजे आपला खलनायक अवर्षण वाचणाऱ्याला का धरून ठेवत नाही, हे कोडं सुटलं. म्हणजे हे लिहायला बसलो तेव्हा तरी सुटलं होतं.

जुन्यांना आठवत असेल, हात लावेल त्यातलं पाणी उडून जातं ही त्याची शक्ती, हातमोजे घातले तरी. अंक 2 मध्ये त्याने जायकवाडी कोरडं केलं. 102 टीएमसीचं धरण दोन पानांवर पसरलेलं, भेगाळलेल्या तळावर कलंडलेल्या होड्या. चित्राचं कौतुक झालं, पात्राबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. स्केच-कट्ट्यावरची एक कॉलेजची पोरगी तेवढी म्हणाली, "दादा, मृगा आली की मी वाचते. हा आला की नुसती चित्रं बघते. फक्त ओरडतो हो हा."

वरवरचे उपाय सगळे झाले होते. आकृती काळी भरून नखाएवढी केली तरी ओळखू येते, फेटा आणि टोकदार खांद्यांमुळे. हिरवा-जांभळा काढून गेरू लावला, कारण त्या दोन रंगांत खलनायकांची गर्दी फार. रंगाने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. हल्क 1962 च्या पहिल्या अंकात राखाडी होता, छपाईत तो रंग एकसारखा उमटेना म्हणून हिरवा झाला, आणि आज राखाडी हल्कची कल्पना करून बघा. पण आमचे साहेब गेरूतही ढिम्म.

मग बॅटमॅनचा खलनायक मिस्टर फ्रीझ पुन्हा वाचायला काढून बसलो. 1959 साली तो बॅटमॅनच्या अंकात मिस्टर झिरो या नावाने आला. बर्फाची बंदूक होती, गारव्याशिवाय जगता न येण्याची अडचणही होती, तरी गडी किरकोळच राहिला. 1992 मध्ये पॉल डिनीने ॲनिमेटेड मालिकेच्या एका भागात त्याला नोरा दिली, गोठवून ठेवलेली आजारी बायको, आणि तो एकदम पहिल्या रांगेत जाऊन बसला. सगळे याला 'दुःखी भूतकाळ' म्हणून मोकळे होतात. मला ते अर्धवट वाटतं. दुःखी भूतकाळ चिकटवलेले खलनायक पैशाला पासरी आहेत, आणि जोकरला तर पक्का भूतकाळच नाही, तरी त्याच्यावरून नजर हटत नाही. फ्रीझची मेख अशी की थंडी हे त्याचं हत्यार, थंडीनेच बायको टिकवायची धडपड, आणि त्याच थंडीमुळे तो तिला काय, कुणालाच जवळ घेऊ शकत नाही. शक्ती, गरज आणि शिक्षा, तिन्ही एकातच.

तिथे ट्यूब पेटली. हात लावेल ते पाणी उडतं, तर हा माणूस पाणी पितो कसा?

पान 7, तळाची पट्टी, तीन चौकटी. पहिलीत मुखवट्याचा खालचा भाग उघडलेला, ओठांना चिरा. दुसरीत त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेत, चुकून तांब्याला लागू नयेत म्हणून. तिसरीत आई तांब्या तिरका करते आणि तो लहान पोरासारखा मान वर करतो. संवाद नाही. मुखवट्याचा जबडा वेगळा निघतो हे आधीच्या डिझाइनमध्ये नव्हतं. आता बिजागरी दाखवावी लागेल, पण चालेल. कट्ट्यावर पान फिरलं तेव्हा त्याच पोरीने ते परत मागून घेतलं. मी दिवसभर हवेत!

ओरडण्याचा इलाजही सापडला. निळू फुले पडद्यावर आवाज चढवायच्या आधीच समोरच्याचं पाणी पळायचं. म्हणून अवर्षणचे फुगे मोठेच ठेवले आणि आतली अक्षरं बारीक केली, भोवती भरपूर पांढरं. वाचणारा आपोआप कान देतो. अडचण एवढीच की बारीक देवनागरीत जोडाक्षरं छपाईत गच्च भरतात. 'कष्ट' मधला 'ष्ट' म्हणजे नुसता काळा डाग. त्यामुळे त्याच्यापुरता फॉन्ट सोडून हाताने लेटरिंग करतोय, संवादही शक्य तिथे जोडाक्षरं टाळून लिहितोय, आणि गंमत म्हणजे त्याने त्याची भाषा आणखी कोरडी झाली. कॅमलची वॉटरप्रूफ शाई अजूनही माझी पहिली पसंती. कागदाचं मात्र विचारू नका, यंदाच्या गठ्ठ्यावर निब टेकली की रेघेला मिशा फुटतात. पुरवठादार म्हणतो "हवा दमट आहे". अवर्षणलाच पाठवायला हवं त्याच्याकडे.

आता घोळ ऐका. हे टाइप करता करता डोक्यात आलं, तांब्या आईच्याच हातात का? जो पाणी पाजतो, त्याच्या मुठीत हा आख्खा माणूस. तांब्या टँकरवाल्याच्या हातात दिला तर? धरण का आटवलं, कुणासाठी आटवलं, सगळं एका चौकटीत कळतं. भीती एकच: अवर्षण निव्वळ सांगकाम्या झाला तर दरारा गेला. फ्रीझला कुणी मालक नव्हता. मग असं करू का, टँकरवाला पाजायला येतो आणि अवर्षण तोंड फिरवतो? तहानेला असूनही?

हेच. पान 7 आईचंच राहील, नकाराची चौकट अंक 3 च्या शेवटच्या पानावर. म्हणजे तिथली पेन्सिल खोडावी लागणार आणि अंक 4 चं कथानक नव्याने मांडावं लागणार, तेव्हा दिवाळीचा मुहूर्त विसरा. उद्या टँकरवाल्याचे चेहरे काढायला घेतो. पांढरा सफारी आणि जाड मिशी नको म्हणतोय, फार झाली ती. एखादा हसतमुख, मृदू बोलणारा, शाळेत बक्षीससमारंभाला बोलावतात तसा काका कसा वाटतो?