उतरतानाच गुडघ्याची वाटी का दुखते?

बेलापूरच्या पारसिक हिलवर सकाळी चालायला येणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते, चढताना काही नाही हो, उतरताना वाटी दुखते. की लगेच कोणीतरी सांगणार, वंगण संपलं असेल, जिने बंद करा, खाली बसू नका. मला हे ऐकून मनापासून वाईट वाटतं कारण धडधाकट माणसं या एका वाक्यावर चालणंच सोडून देतात, नेरूळच्या माझ्या मावशीने तेच केलं आणि मांडीतली उरलीसुरली ताकदही गेली.

आधी वाटी हाताने बघा. जमिनीवर पाय लांब करून बसा, मांडी एकदम सैल सोडा आणि वाटी दोन्ही बाजूंनी धरून हलवा, चक्क इकडेतिकडे सरकते. आता मांडी आवळा, वाटी वर खेचली जाते आणि मग ढकलली तरी फारशी हलत नाही. कारण ती मांडीच्या पुढच्या स्नायूच्या, म्हणजे क्वाड्रिसेप्सच्या टेंडनमध्ये (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत) बसलेलं हाड आहे. तिच्यामुळे स्नायूची ओढ सांध्याच्या मध्यापासून लांब राहते, तरफ मोठी होते आणि कमी जोरात गुडघा सरळ होतो.

पाय सरळ असताना वाटी मांडीच्या हाडातल्या खाचेच्या वरच असते, साधारण २०-३० अंश वाकलं की खाचेत नीट शिरते. स्नायूची एकूण ओढ जराशी बाहेरच्या बाजूला असते म्हणून खाचेची बाहेरची कड उंच असते, शिवाय आतल्या बाजूने एक लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, आणि मांडीचा आतला स्नायू तिला धरून ठेवतात. गुडघा वाकत जातो तशी वाटी खाचेवर जास्त जोरात दाबली जाते. सपाट चालताना हा दाब वजनाच्या निम्म्याच्या आसपास, जिन्यावर ३ पटीच्या वर आणि पूर्ण उकिडवं बसताना ७ पटीच्या घरात जातो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या वाटीवर जिन्यात दोनशे किलोच्या वर भार येतो! निसर्गाने तिथे कूर्चाही, म्हणजे हाडावरचा गुळगुळीत थर, तशीच दिलीय, शरीरातली सगळ्यात जाड, काही ठिकाणी ५ मिलिमीटरच्या वर.

उतरताना जो पाय वरच्या पायरीवर राहतो ना, त्याचाच गुडघा वाकतो आणि अख्खं शरीर त्याच्यावर हळूहळू खाली सोडलं जातं, म्हणजे स्नायू लांब होता होता ब्रेक लावत असतो आणि वाकत्या गुडघ्यात वाटी खाचेवर दाबली जाते. म्हणूनच दुखणं असेल तर चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा पाय आधी, भार चांगल्या पायावर राहतो.

आणि कूर्चेला स्वतःच्या नसा नसतात, दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, वाटीखालची चरबीची गादी. त्यामुळे एक्स-रेत झीज दिसते पण दुखत नाही, किंवा दुखतंय खूप आणि एक्स-रे स्वच्छ, असं दोन्ही होतं. नुसता कटकट आवाज येतोय पण दुखत नाही, सूज नाही, तर घाबरायचं कारण नसतं.

खूप वेळा गडबड कमरेजवळ असते. खुब्याचे बाजूचे स्नायू कमजोर असले की पाऊल टाकताना मांडीचं हाड आत वळतं, वाटी जागेवरच असते पण तिच्याखालची खाच सरकते. म्हणून फिजिओ गुडघा दाखवायला गेलेल्याला कुशीवर झोपवून पाय वर उचलायला लावतात, तो व्यायाम कंटाळा न करता करा. सोबत पाय सरळ ठेवून उचलणं, थोडंसंच वाकून अर्धं बसणं. जिममध्ये लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर पाय सरळ होतानाचा शेवटचा टप्पा जास्त वजनाने करू नका, तेव्हा वाटी खाचेला अगदी थोड्या जागेवर टेकलेली असते आणि सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो.

गुडघा सुजला, अडकला, किंवा वाटी बाजूला सरकून परत आल्यासारखं झालं तर मात्र व्यायाम थांबवून थेट ऑर्थोपेडिककडे जा.