आईचा पाण्याचा ग्लास

बाबांची दारू सुटून तीन वर्षं होत आली आता. भेटणारे म्हणतात, चला, सुटलात बाई सगळे एकदाचे. मी नुसती मान हलवते, कारण दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षात आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी दारूच्या दिवसांतही झाली नव्हती. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं फार वाटतं, म्हणून लिहितेय.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजाराजवळ जुनं घर. गुजरातमध्ये १९६० ला राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी आहे, पण ज्याला प्यायची त्याला मिळतेच, देशी दारूची पोटली मिळते, डिकीतून बाटली मिळते. फक्त घरच्यांना दोन गोष्टी लपवाव्या लागतात, एक पिणं आणि दुसरा गुन्हा. आई शेजारी सांगायची ह्यांना पित्ताचा त्रास आहे. दवाखान्यात न्यायला ती इतकी वर्षं घाबरली ते यामुळेच, कागदावर लिहिलं गेलं आणि पोलीस दारात आले तर काय.

म्हणून आधी घरीच सोडवायचं ठरलं. बाबांना आतल्या खोलीत ठेवलं आणि दादा दाराबाहेर बसला. तिसऱ्या रात्री बाबा चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागले, एकही मुंगी नव्हती, हात असे थरथरत होते की पाणीसुद्धा धरवेना, आणि मला दादा म्हणून हाक मारत होते. तेव्हा उचलून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर फिट येते, जीवही जाऊ शकतो, हे औषधांखालीच करायचं असतं. कुणाच्या घरी असं चाललं असेल तर प्लीज कोंडून ठेवू नका, १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन करा.

मग महिनाभर व्यसनमुक्ती सेंटर, आणि घरी आल्यावर डायसल्फिरामची गोळी. ही घेतलेली असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, म्हणून माणूस पीत नाही. एका नातेवाईक काकूंनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं की असलं काहीतरी भाजीत कालवून दे, कळणार पण नाही त्यांना. देवाची कृपा की दिलं नाही, कारण न सांगता दिली आणि माणूस बाहेर पिऊन आला तर जिवावर बेतू शकतं. तर रोज सकाळी चहाच्या आधी आई गोळी हातावर ठेवायची, बाबा गिळायचे, आई म्हणायची "आ करा". साठीच्या माणसाला, रोज, सुनेसमोर.

आणि संध्याकाळी तो ग्लास. बाबा जिना चढायला लागले की आई पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी. बाहेरच्याला वाटावं काय प्रेम आहे, पण ती वास घ्यायला उभी असायची. ग्लास देताना अर्धं पाऊल पुढे व्हायची, नाकपुड्या हलायच्या, मग तिचे खांदे खाली यायचे. वीस वर्षांची सवय ती, दारू सुटली म्हणून आईची कशी सुटणार? बाबांना ते कळायचं आणि ते चिडायचे, एकदा तर ग्लास घेतलाच नाही, तिच्या तोंडावर मोठ्याने श्वास सोडला आणि म्हणाले घे, झालं समाधान? आई त्या रात्री जेवली नाही.

पण खरं दुखणं वेगळंच होतं, ते फॅमिली मीटिंगला कळलं. तिथल्या ताईंनी लोइस विल्सनची गोष्ट सांगितली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी मीटिंगला जमून एकमेकांना आधार द्यायची संघटना, ती १९३५ मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी एक असलेल्या बिल विल्सनची ही बायको. नवरा दारू सोडून रोज मीटिंगला जायला लागला तेव्हा एके दिवशी हिने बूट फेकून मारला, तुझ्या मीटिंगा गेल्या खड्ड्यात म्हणून! पुढे १९५१ मध्ये तिनेच घरच्या माणसांसाठी अल्-अ‍ॅनॉन उभं केलं. आई ऐकता ऐकता एकदम रडायला लागली, म्हणाली, मी वीस वर्षं पाया पडले ह्यांच्या, पोरांची शपथ घातली, तेव्हा नाही सोडली, आणि चार परक्या माणसांनी सांगितलं तर सोडली? मग मी कोण होते? बाबा शेजारच्याच खुर्चीवर होते. काही बोलले नाहीत. घरी येताना रिक्षात त्यांनी आईची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, एवढंच.

पैशाचंही तसंच. एटीएम कार्ड आईकडे. पहिल्या गणपतीला बाबा म्हणाले मूर्ती मी आणतो, तर आईने दादाला सोबत पाठवलं, मोजून पैसे देऊन. मी आईचीच बाजू घेतली तेव्हा, आणि आजही वाटतं की ती चुकली नव्हती, विश्वास काय गोळीसारखा सकाळी गिळता येत नाही. पण मूर्ती घेऊन आलेल्या बाबांचा चेहरा विसरता येत नाही. दुसऱ्या वर्षी ते एकटे गेले, कार्ड घेऊन.

गेल्या महिन्यात मी माहेरी होते. संध्याकाळी जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या आणि आई उठलीच नाही, शेंगा सोलत सिरियल बघत होती. बाबा दारात थांबले, आत बघितलं, जरा घाबरूनच विचारलं, "बरं नाही का गं?"

"काय झालंय मला? ग्लास फिल्टरवर आहे, घ्या ना."

बाबा स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा हातात दोन ग्लास होते.