लिस्बन, दिवस तिसरा : गेंडा आणि बिनछपराचं चर्च

गुरुवार, रात्री साडेदहा

पाय भरून आलेत. इथले फुटपाथ काळ्या-पांढऱ्या बारीक दगडांचे, एकेक दगड हाताने बसवलेला. दिसायला रांगोळी, पण उतारावर चप्पल ठरत नाही. ह्यांना केव्हाच झोप लागली. मला मात्र आजचं आजच लिहून ठेवायचंय.

सकाळी ट्रामने लिस्बनच्या बेलें भागात गेलो. जेरोनिमोस मठासमोर ही भली मोठी रांग, तासभर उन्हात उभे होतो. आत शिरल्यावर डाव्या हाताला वास्को द गामाची कबर. दगडी शवपेटीवर तो हात जोडून आडवा कोरलाय, आणि लोक पटापट फोटो काढून पुढे सरकत होते. शाळेत १४९८, कालिकत, असं पाठ केलेलं हे नाव. तो वारला कोचीत, १५२४ मध्ये, तिथेच आधी पुरला. मग अस्थी पोर्तुगालला आणल्या आणि या मठात त्या आल्या १८८० साली. १५०२ मध्ये याच माणसाने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं होतं. ते आठवलं आणि माझा हात काही कॅमेऱ्याकडे गेला नाही.

मठ मात्र विलक्षण सुंदर आहे, ते नाकारता येत नाही. खांबांवर दगडात पिळलेले दोरखंड, पानं, वेली. पण हे सगळं बांधायला पैसा आला तो पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारावर बसवलेल्या ५ टक्के करातून. एका खांबाला हात लावून उभी राहिले. यात आपल्या किनाऱ्यावरच्या मिऱ्यांचा किती वाटा असेल, हेच डोक्यात घोळत राहिलं.

तिथून बेलेंच्या बुरुजापाशी. आत गेलोच नाही, मला फक्त गेंडा बघायचा होता. पश्चिमेकडच्या एका छोट्या टेहळणी-बुरुजाच्या बुडाशी तो आहे. आधी सापडेना, मग ह्यांनी बोट दाखवलं. नाकाड पार झिजलंय, शिंग कळत नाही, पण मानेची ठेवण आणि पुढचे पाय गेंड्याचेच. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला. अल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढवला आणि २० मेला तो इथे याच नदीकाठी उतरला. सोबत त्याचा माहूतही होता, ओसेम नावाचा. युरोपात त्याआधी हजारेक वर्षं कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळाला. पुढे पोपला नजराणा म्हणून धाडला, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडाने बांधलेला, त्यामुळे पोहता आलं नाही. एरवी गेंडा छान पोहतो. मला त्या मुक्या जनावराचं इतकं वाईट वाटलं की तिथल्या बाकावर थोडा वेळ बसूनच राहिले. ओसेमचं पुढे काय झालं असेल? घरी परतला असेल का?

इथले प्रसिद्ध पास्तेल, म्हणजे कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट, खाल्ले. छान होते.

दुपारी कार्मो मठाचं पडकं चर्च. आजचा दिवस खरा तिथला.

दारातून आत पाऊल टाकलं आणि वर थेट आभाळ. छप्परच नाही. दोन्ही बाजूंना उंच खांब, त्यांच्यावरून टोकदार कमानी एकीकडून दुसरीकडे गेलेल्या, माशाच्या काट्यासारख्या, आणि मधे निळं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली. तेव्हाच भूकंप झाला. वेदीवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, नदीतून समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या. कार्मो पुन्हा बांधायला घेतलं होतं, पण १८३४ मध्ये मठच बंद झाले आणि काम थांबलं. पुढे ठरवून ते असंच ठेवलं.

मी वसईची. शाळेत असताना पारनाक्यावरून सायकली हाणत किल्ल्यात जायचो, आणि तिथली बिनछपराची चर्चं ही आमची लपाछपीची जागा. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत थडगी आहेत, त्यावरची पोर्तुगीज अक्षरं आम्ही बोटाने गिरवायचो. 'आकी जाझ', म्हणजे इथे विसावला आहे. अर्थ कळायचा नाही, खाचा मात्र बोटाला पाठ होत्या. आज कार्मोत भिंतीच्या कडेला मांडलेल्या एका शिळेवर तशाच वळणाची अक्षरं दिसली आणि नकळत बोट पुढे गेलं. पहारेकरी बाईंनी हळूच मान हलवली, तसं मागे घेतलं.

चिमाजी आप्पांनी वसई घेतली १७३९ ला. त्यानंतर १६ वर्षांनी हे शहर कोसळलं. दोन्हीकडे छपराविना भिंती उरल्या. इथल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे, पाटी आहे. आमच्या भिंतींतून पिंपळ वर आलेत, चुना गळतोय, थडग्यांवर उभं राहून लग्नाआधीचे फोटो काढतात. इतके दिवस हे मला खुपलं नव्हतं, आज खुपलं. परक्यांचं बांधकाम आहे म्हणून सोडून द्यायचं, तर दगड घडवणारे हात कुणाचे होते? आमच्याच गावांतले असणार की.

संध्याकाळी फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन : "अगं, किल्ल्यात कधी गेलीस?"

हॉटेलवर आल्यावर काउंटरवरच्या मुलीने 'शाव' म्हणत चावी हातात दिली. आपली 'चावी' त्यांच्याच या शब्दातून आलेली. आज तेवढ्या एका शब्दानेही गलबलून आलं.

भावाला मेसेज टाकलाय, रविवारी किल्ल्यात जाऊन फ्रान्सिस्कन चर्चमधल्या प्रत्येक शिळेचा सरळ वरून फोटो काढ, सकाळी लवकर, तिरप्या उन्हात, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. पावसाळ्यात शेवाळ धरलं असेल तर ब्रशने घासू नकोस, नुसतं पाणी टाक. उत्तर आलं नाही अजून. तिकडे पहाट व्हायचीय.